डॉक्टर समाधानी आहेत!

आमच्या तळकोकणात चावदिशीच्या पहाटे तुळशीपाशी अंगठ्याने कारीट चिरडायचे, अभ्यंगस्नान करायचे आणि मग पाटावर बसून चार-पाच तऱ्हांचे पोहे खायचे, अशी रीत आहे. दुधाचे, गुळाचे, ताकाचे, फोडणीचे. शेजारीपाजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात आणि प्रत्येक घरची गृहिणी विचारते, "कसे झालेत?" या प्रश्नाला "बरे झालेत" याखेरीज दुसरे उत्तर मी जन्मात ऐकलेले नाही. ताक आंबट ढाण असो की गुळातला खडा दाताखाली येवो, पोहे बरेच झालेले असतात. माझी आजी म्हणूनच कधी कुणाला विचारीत नसे. मंडळी उठली की वाट्या गोळा करताना ती प्रत्येक वाटीत डोकावून बघे आणि पुढल्या वर्षी काय सुधारायचे ते मनाशी ठरवी.

आजीची आठवण होण्याचे कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात आलेला एक छापील कागद.

मी तालुक्याच्या गावातला साधा डॉक्टर. ताप, खोकला, विंचू, रक्तदाब आणि साखर यांवर चाळीस वर्षे काढली. एका सेवाभावी संस्थेने आमच्या भागातल्या काही दवाखान्यांतून मनाच्या दुखण्यांसाठी समुपदेशिका बसवायचे ठरवले, तेव्हा मी माझी मागली खोली आनंदाने दिली. सोमवारी आणि गुरुवारी एक तरतरीत मुलगी तिथे येऊन बसू लागली. ज्याला झोप नाही, ज्याचा जीव घाबरा होतो, जो दारूपायी कामावरून सुटला, त्याला मी औषध लिहून दिल्यावर म्हणायचे, "जरा आत ताईंशी बोलून जा." दार एक, केसपेपर एक, वेगळ्या 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' जाण्याची लाज नाही. अमेरिकेत या व्यवस्थेला जे नाव आहे त्याचे मराठी कुणी पंडिताने 'एकात्मिक वर्तनारोग्य सेवा' असे केले आहे. ते ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "म्हणजे प्रगतिपुस्तकात वर्तणुकीचा शेरा असतो, तसले काही का?"

आठ महिन्यांनी संस्थेचे दोन तरुण तो कागद घेऊन आले. दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी: अत्यंत असमाधानी, असमाधानी, सांगता येत नाही, समाधानी, अत्यंत समाधानी. या पाच पायऱ्यांची शिडी रेन्सिस लायकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. शिडी वाईट नाही. ती कुठल्या भिंतीला टेकवायची, एवढाच प्रश्न असतो. मी चहा मागवला आणि दहापैकी नऊ ठिकाणी शेवटल्या चौकटीत खूण केली. तरुण खूश झाले. मीही खूश झालो.

का झालो, ते आता सांगतो. कारण त्यातच माझा सगळा तक्रारअर्ज आहे.

एक बाई दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येत असे. "डाक्टरानू, आंग दुखता. माका झोप येणा नाय." रक्त तपासले, लघवी तपासली, छातीचा आलेख काढला, काही निघेना. मी गोळ्या देई, ती घेई, पुन्हा येई. अशी माणसे प्रत्येक डॉक्टरच्या बाकावर असतात. आपल्याकडे मन सरळ बोलत नाही. ते पाठीतून, पायांच्या मुंग्यांतून, छातीच्या धडधडीतून बोलते, आणि आम्ही डॉक्टर मंडळी त्याला जीवनसत्त्वाची सुई टोचून गप्प बसवतो. त्या बाईला मी आत पाठवले. त्यानंतर ती माझ्या बाकावर दिसेनाशी झाली. मी समजलो, गुण आला. कागदावर 'अत्यंत समाधानी' लिहिताना डोळ्यांपुढे तीच होती.

पुढे महिनाभराने वाण्याच्या दुकानात तिची मुलगी भेटली. नववीतली पोर, शाळेच्या वेळेला तांदूळ निवडून घेत होती. "शाळा नाही का गं आज?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "आई उठणा नाय. जेवण माकाच करूचा लागता." बाई आतल्या खोलीत दोनदाच गेली होती. तिसऱ्या वेळी घरच्यांनी तिला देवाचा कौल लावायला नेले, आणि मग कुणी कुठेच नेले नाही. मी मात्र तिच्या नावावर समाधानी होऊन बसलो होतो! माझे समाधान एवढेच होते की, माझा बाक रिकामा झाला.

इथे कुणी म्हणेल, ही एका निष्काळजी डॉक्टरची कबुली झाली. तिच्यावरून साऱ्या पद्धतीला झोडपणे बरे नव्हे. कबुली आहे, नाकारीत नाही. पण ज्या कागदाने माझ्या निष्काळजीपणाला 'अत्यंत समाधानी' असे प्रमाणपत्र दिले, त्या कागदाचा दोष त्याने धुऊन निघत नाही. रोगी बरा होऊन गेला म्हणून बाक रिकामा, की रोगी वाटेत हरवला म्हणून रिकामा, हे त्या पाच चौकटींना कळत नाही. दोन्हींचे गुण सारखेच. किंबहुना रोगी दुसऱ्याच्या खोलीत ढकलून जो डॉक्टर त्याला विसरू शकतो, त्याचे समाधान सर्वांत जास्त, आणि जो विसरत नाही, "माझ्या त्या माणसाचे काय झाले हो?" म्हणून दहादा विचारतो, तो चिडतो, कुरकुरतो आणि खालच्या चौकटीत खूण करतो. अशा मापाने मोजून वाईट डॉक्टर वर चढतो आणि चांगला खाली उतरतो.

मूळ सेवा चांगली आहे, याबद्दल मला शंका नाही. नसती तर मी खोलीच दिली नसती. मनाचे दुखणे मोठ्या इस्पितळाच्या कोंडवाड्यातून काढून गावच्या दवाखान्यात आणावे, हा विचार आपल्याला अमेरिकेकडून उसना घ्यावा लागलेला नाही. हरियाणातल्या रायपूर राणी भागात असे प्रयोग १९७०नंतरच्या दशकातच झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. बंगळूरच्या निम्हान्सने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना हाताशी धरून काम उभे केले, आणि त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा कार्यक्रम निघाला. कागदावर आपण मागे नव्हतो. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर दहा प्रौढांमागे एकाहून किंचित अधिक माणसे त्या घडीला कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराने पीडित आढळली, आणि बहुतेक विकारांत दहापैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता.

आता अमेरिकेकडे वळतो. कारण 'डॉक्टर समाधानी आहेत' या वाक्याला पुरावा म्हणून जो आधार दाखवला जातो, तो तिथला आहे. साठीपलीकडच्या उदास माणसांसाठी तिथे पाच राज्यांतल्या १८ दवाखान्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. १८०१ रोगी होते. निम्म्यांना नेहमीचा उपचार आणि निम्म्यांना नवी व्यवस्था. दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमलेली. तिच्याजवळ प्रत्येक रोग्याची नोंद. जो आला नाही त्याला ती स्वतः फोन करणार. ज्याला उतार पडत नाही त्याची गोष्ट मनोविकारतज्ज्ञापुढे मांडणार आणि उपचार बदलायला लावणार. वर्षाअखेर नव्या व्यवस्थेतल्या सुमारे ४५ टक्के रोग्यांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक ओसरली होती. नेहमीच्या उपचारात हेच प्रमाण १९ टक्के होते.

याच प्रयोगात ४५० डॉक्टरांनाही विचारले होते. आधी, उदास रोग्यांसाठी हाताशी असलेल्या साधनांबद्दल ५४ टक्के डॉक्टर समाधानी होते. वर्षाने ९० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले की या व्यवस्थेची मदत झाली. हा दुसरा आकडा मंडळी उचलतात आणि सभांतून मिरवतात. पण दोन गोष्टी विसरतात. एक म्हणजे, तिथे आधी रोगी मोजले होते. डॉक्टरांचे मत ही त्या ताटातली चटणी होती. आपल्याकडे भात नाही, वरण नाही, नुसती चटणी वाढून पान मांडले जाते. आणि दुसरी गोष्ट मला फार बोलकी वाटते. सर्वांत उपयोगी काय वाटले, असे त्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टींची नावे घेतली: रोग्याच्या मागे लागून त्याची विचारपूस करणे आणि रोग्याला त्याचे दुखणे समजावून सांगणे. म्हणजे काय मोजायला हवे ते डॉक्टरांनीच सांगून ठेवले आहे! रोग्याच्या मागे कुणी लागले का, ते मोजा. पण ते मोजायला नोंदवही लागते, आणि समाधान मोजायला एक पेन पुरते.

गोव्याची गोष्ट तर आमच्या उंबऱ्यावरची. तिथे मानस नावाच्या प्रयोगात १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने घेतले होते. २७९६ रोगी होते, आणि निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रोग्यांना आधार दिला. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होते तिथे ६५.९ टक्के रोगी बरे झालेले आढळले. जिथे नव्हते तिथे ४२.५ टक्के. फरक डोळ्यांत भरण्यासारखा. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असताना ६४.१ आणि नसताना ६५.९! म्हणजे आमच्या जातीच्या डॉक्टरांकडे समुपदेशक असून नसून सारखाच.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मिशीला पीळ भरला. म्हटले, बघा, खाजगी डॉक्टर एकटाच पुरून उरतो. मग नीट वाचले आणि पीळ उतरला. जिथे समुपदेशक दिले नव्हते, तिथेही रोग्यांची चाचणी करून तिचा निकाल डॉक्टरच्या आणि रोग्याच्या हाती दिला होता आणि उपचार कसे करावेत याची पुस्तिका डॉक्टरला दिली होती. 'हा तुमचा रोगी, याचे दुखणे मनाचे आहे' असे कुणीतरी त्या डॉक्टरच्या कानात सांगितले होते. मला चाळीस वर्षांत असे कुणी सांगितले नाही, आणि मी स्वतःहून विचारलेही नाही.

आता कल्पना करा, त्या चोवीस ठिकाणी रोग्यांची गणती न करता कुणी फक्त पाच चौकटींचा कागद फिरवला असता. सरकारी केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, सकाळपासून शंभर माणसे तपासून आंबून गेलेला, काय लिहिता? आणि खाजगी डॉक्टर काय लिहिता? दोघांनीही बहुधा 'समाधानी' लिहिले असते. एकीकडे समुपदेशकाने आयुष्ये सावरली आणि दुसरीकडे काही फरक पडला नाही, ही या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट त्या कागदांच्या गठ्ठ्यात मेली असती.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत असेच एक काम झाले. त्याचा वृत्तांत २०१७ साली आला. तिथल्या लोकांनी दवाखान्यात बसून विचारले नाही, घरोघर जाऊन विचारले. सुरुवातीला उदासीने आजारी असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चौघे कुठल्या तरी उपचारापर्यंत पोचत होते; दीड वर्षाने सत्तावीस. हे माप मला पटते. कारण जी बाई घरात उठत नाही, ती कुठल्याच डॉक्टरच्या समाधानात अगर असमाधानात नसते. तिला मोजायचे तर तिच्या दारी जावे लागते.

विरोधकांची बाजू मला ठाऊक आहे आणि तिच्यात दम आहे. ते म्हणतात, डॉक्टर नाराज असेल तर तो रोगी आत पाठवणारच नाही. मग खोली आणि समुपदेशिका दोन्ही वाया. खरे आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी असे मांडले की आरोग्यव्यवस्थेने रोग्याचा अनुभव, समाजाचे आरोग्य आणि खर्च ही तीन उद्दिष्टे धरली आहेत, तीत डॉक्टर-परिचारिकांचे कामाचे जिणे सुसह्य करणे हे चौथे घालावे. हेही मान्य. थकलेला, करपलेला डॉक्टर रोग्याच्या काय उपयोगाचा? पण चौथे म्हणून जे मागाहून आणले, ते पंक्तीत पहिल्या पाटावर कसे जाऊन बसले? आणि डॉक्टरचे ओझे हलके झाले का हे पाहायचे असेल तर तसे स्पष्ट विचारा. त्याला 'सेवेची गुणवत्ता' असे बारसे करू नका.

शिवाय विचारतो कोण, याला काही महत्त्व आहे की नाही? ज्याच्या हाती बदली आहे त्या वरिष्ठाने कागद पाठवायचा आणि केंद्रातल्या अधिकाऱ्याने त्यावर 'असमाधानी' लिहायचे, असा शूर माणूस दहा तालुक्यांत एक सापडेल. बाकीचे पोहे बरे झालेत म्हणतील.

आणि शब्द तरी कसला निवडला! आपल्या संतांनी 'समाधान' हा शब्द वासना सरल्यानंतरच्या अवस्थेसाठी राखला. आता काही मिळवायचे उरले नाही, असा तो शब्द. साधूला तो शोभतो. डॉक्टरला स्वतःच्या रोग्याच्या बाबतीत तो कधीही शोभू नये, असे माझे म्हणणे आहे.

डॉक्टरांना विचारूच नये असे मी म्हणत नाही. असे विचारावे: गेल्या तीन महिन्यांत किती जणांना आत पाठवलेत? त्यांतले किती दुसऱ्यांदा आले? जे आले नाहीत त्यांच्याकडे कोण गेले? कुणाला उतार नाही आणि त्याचे औषध कुणी बदलले? आणि हेही विचारावे की, ज्यांना पाठवायला हवे होते आणि पाठवले नाही, असे कोण आठवतात? आतल्या खोलीत रोगी काय बोलला ते मला कळायची गरज नाही, कळूही नये. ते त्याचे आणि ताईंचे. पण तो आला की नाही, बरा आहे की खालावतो आहे, एवढे तरी माझ्या कानावर यायला हवे. या प्रश्नांना 'अत्यंत' लावता येत नाही. उत्तर आकड्यात द्यावे लागते, नाहीतर 'ठाऊक नाही' असे लिहून मान खाली घालावी लागते.

वाण्याच्या दुकानातल्या त्या दिवसानंतर मी एक दोनशे पानी वही घातली. आत पाठवलेल्या प्रत्येकाचे नाव आणि पुढे तारखांचे रकाने. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा रोगी गेला की मी आणि ती मुलगी चहा घेत वही उघडून बसतो. पहिल्या पानावरची निम्मी नावे पहिल्या भेटीनंतर गळालेली निघाली. "डॉक्टरकाका, मला वाटलं ते तुमच्याकडे परत येत असतील," ती म्हणाली. मला वाटले होते, ते तिच्याकडे जात असतील! एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही आठ महिने एकमेकांवर विसंबलो होतो. मग ती संध्याकाळी दुचाकी काढून घरोघर जाऊ लागली. त्या बाईच्या घरी दोनदा दार उघडले नाही, तिसऱ्यांदा उघडले. आता बाई महिन्यातून एक-दोनदा येते, कधी चुकवते. मुलगी दहावीला बसली. गुण बेताचे पडले, पण बसली. याला मी समाधान म्हणणार नाही. हायसे वाटले, इतकेच.

यंदा गणपती गेल्यावर संस्थेचा दुसरा कागद आला. या खेपेस मी विचार करून खुणा केल्या. मुलीच्या कामापुढे चांगले लिहिले. पण 'पाठवलेल्या रुग्णांच्या पुढील प्रगतीची माहिती', 'घरभेटींसाठी दिलेला वेळ' आणि 'तज्ज्ञांचा सल्ला' या तिन्हींपुढे 'असमाधानी' अशी खूण केली. कारण घरभेटीचा वेळ आणि पेट्रोल ती पदरचे घालते आणि मनोविकारतज्ज्ञ महिनोन्‌महिने फिरकत नाहीत. कागदात शेरा लिहायला जागा नव्हती, म्हणून मागल्या कोऱ्या बाजूवर सविस्तर लिहिले.

आठवड्याने संस्थेच्या कचेरीतून फोन आला. गृहस्थ अतिशय नम्र होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गेल्या वेळी आपलं केंद्र पहिलं होतं. यंदा एकदम खाली आलं. ताईंचं काही चुकलं का? आपण म्हणत असाल तर आम्ही लगेच दुसरी मुलगी देऊ."

मी विचारले, "कागदाच्या मागे लिहिलंय ते वाचलंत का?"

"मागे?" ते म्हणाले. "मागची बाजू मशीन वाचत नाही, साहेब."

त्याच रात्री मी दोन पानी पत्र लिहिले. मुलगी उत्तम आहे, तिला हलवू नका, तिला घरभेटीचा भत्ता द्या आणि माझ्या तीन खुणा तिच्या नावे मांडू नका, असे त्यात स्पष्ट घातले. वहीच्या पहिल्या चार पानांच्या, नावे झाकून काढलेल्या, प्रती जोडल्या. पत्र पोचल्याची पावती आली आहे; उत्तर आलेले नाही. तिच्या नेमणुकीची मुदत मार्चअखेर संपते. गेल्या गुरुवारी वही मिटताना तिने विचारले, "काका, पुढच्या खेपेला तुम्ही समाधानी लिहाल का?" मी अजून तिला उत्तर दिलेले नाही.